टायर नक्षी पाहून नव्हे, रस्ता पाहून घ्यावा

कापडाचा तागा उचलताना आम्ही आधी सूत पाहतो, पोत पाहतो आणि मग नक्षीकडे वळतो. गाडीच्या टायरच्या बाबतीत मात्र आमची अक्कल उलटी चालते. व्यापारी बांधवांनी आमच्या चुकीवरून धडा घ्यावा म्हणून हे चार शब्द.

मालेगावहून कळवण, सुरगाण्याकडच्या आठवडी बाजारांत आम्ही फोर बाय फोर जीपमधून साड्यांची गाठोडी नेतो. एका पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी दोनदा रुतली, दोन बाजार बुडाले. त्याच रागात आम्ही चारही मड टायर बसविले.

मड टायरचा गुण नाकारता येत नाही. त्याचे रबरी ठोकळे मोठे आणि मधल्या खाचा खोल व रुंद असतात. चाक फिरले की खाचांतली माती बाहेर फेकली जाते आणि नवी पकड मिळते. साध्या टायरच्या अरुंद खाचा काळ्या मातीने बुजतात आणि चाक जागीच फिरत राहते. पुढच्या पावसाळ्यात आमची गाडी एकदाही रुतली नाही.

पण बाजाराची वाट जिथे संपते तिथे डांबरी सडक सुरू होते. तिथे या टायरचे रबर रस्त्याला कमी टेकते. आवाज वाढतो, डिझेल जास्त लागते, टायर लवकर झिजतो. हे सारे सोसता येते. ओल्या सडकेवर गाडी थांबायला जास्त अंतर लागते, ते मात्र सोसता येत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर भर पावसात पुढची रिक्षा अचानक थांबली. भाच्याने ब्रेक दाबला, पण गाडी घसरत गेली आणि वीतभर अंतरावर थांबली. "मामू, ब्रेक तर पूर्ण दाबला होता," तो म्हणाला. चूक त्याची नव्हती, ब्रेकचीही नव्हती. रिक्षात शाळेची मुले होती.

घरी येऊन आम्ही वही उघडली. महिन्याला सुमारे १,५०० किलोमीटर धाव. त्यात चिखल फार तर ६०, तोही पावसाचे चार महिने. साठ किलोमीटरसाठी उरलेल्या साऱ्या वाटेवर जीव टांगणीला लावणे हा कुठला व्यापार?

आता आमच्या गाडीला ऑल टेरेन टायर आहेत. चिखलात शिरण्यापूर्वी, वजन कमी असेल तर, हवा २० पौंडांपर्यंत उतरवितो. टायर पसरतो आणि पकड वाढते. सडकेवर येताच कंपनीने सांगितली तेवढी हवा पुन्हा भरतो, कारण कमी हवेवर वेगात धावणारा टायर तापून फुटू शकतो. बॅटरीवरचा पंप, फावडे आणि दोन गोणपाट गाडीतच असतात. एवढे करूनही यंदा एकदा रुतलो, ट्रॅक्टरने ओढून काढले. एक बाजार गेला, एवढेच.

ज्यांची गाडी रोज खाणीत किंवा शेतवाटेवर चालते, त्यांनी मड टायर जरूर घ्यावेत. मात्र सडकेवर वेग कमी आणि अंतर जास्त ठेवावे.

घेताना माप कंपनीने दिलेलेच घ्यावे. टायर मोठा घेतला तर गाडी खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखविते. वजनाचा आकडा वाचावा: १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो. तारखेचे चार आकडे पाहावेत: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. फोर बाय फोरला चारही टायर एकाच मापाचे व एकाच जातीचे असावेत. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलावा. कायद्याची मर्यादाही तीच आहे.

बुडालेला बाजार पुढच्या आठवड्यात पुन्हा भरतो. त्या दिवशी रिक्षा आणि आमच्यामध्ये वीतभर अंतर उरले होते; पुढच्या वेळी तेवढेही उरेल, याची हमी कोणता दुकानदार देणार?