फासाचा दोर कोणाच्या गळ्यात?

देशात एखादा अमानुष गुन्हा घडला की 'फाशी द्या' ही मागणी उसळते. तिच्यामागील जनतेचा संताप खरा असतो. त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु सत्ताधारी वर्ग या संतापाचा सोयीस्कर उपयोग करून घेतो. निष्काळजी तपास, वर्षानुवर्षे रेंगाळणारे खटले, गोरगरिबांना न मिळणारे संरक्षण हे सारे प्रश्न फासाच्या दोराआड दडविले जातात. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा वसाहतकालीन कायद्याचा वारसा संपल्याची ग्वाही देण्यात आली. जल्लादाची जागा मात्र तिने अबाधित ठेवली.

फाशीच्या समर्थकांचा तात्त्विक आधार जुनाच आहे. खून करणाऱ्याने मेलेच पाहिजे, असे कांटने सांगितले. हेगेलने तर शिक्षेला गुन्हेगाराच्याच स्वतंत्र इच्छेचा सन्मान ठरविले. मार्क्सने १८५३ साली 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून'मधील लेखात या युक्तिवादाचे मर्म उघडे केले. हाडामांसाचा माणूस, त्याची परिस्थिती, त्याच्यावरील सामाजिक दडपणे बाजूला सारून तेथे 'स्वतंत्र इच्छा' ही अमूर्त कल्पना आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली जाते. जल्लादाचा गौरव करण्याऐवजी असे गुन्हे प्रसवणारी व्यवस्था बदलण्याचा विचार करावा, हा त्याचा निष्कर्ष होता.

तरीही क्षणभर प्रतिशोधाचे तत्त्व मान्य करू. समान अपराधाला समान शिक्षा ही त्याची पहिलीच अट आहे. ती पाळली जाते काय?

सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली बच्चन सिंग खटल्यात ४ विरुद्ध १ मताने फाशी घटनासंमत ठरविली आणि ती 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणांपुरती मर्यादित केली. त्यानंतर दोनच वर्षांनी हरबन्स सिंग प्रकरणाने या व्यवस्थेचे दारुण स्वरूप चव्हाट्यावर आणले. उत्तर प्रदेशातील एका कुटुंबातील चौघांच्या हत्येबद्दल तिघांना फाशी झाली होती. तिघांचा अपराध सारखाच. परंतु त्यांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयाच्या वेगवेगळ्या पीठांपुढे गेले. पहिल्याचा अर्ज १९७६ मध्ये फेटाळला गेला. दुसऱ्याची फाशी १९७७ मध्ये जन्मठेपेत बदलली. तिसऱ्याचा अर्ज १९७८ मध्ये फेटाळला गेला. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी पहिला फासावर गेला. तिसऱ्याची फाशी ऐनवेळी थांबली, आणि १९८२ मध्ये न्यायालयाने त्याची शिक्षा कमी करण्याची शिफारस राष्ट्रपतींना केली. अपराध एक, निकाल वेगळे! हा न्याय की सोडत? न्यायमूर्ती भगवती यांनी त्याच वर्षी बच्चन सिंग खटल्यातील आपल्या भिन्नमतपत्रात फाशी मुख्यतः गरीब व वंचितांच्याच वाट्याला येते, असे स्पष्ट बजावले होते.

हे भाकीत महाराष्ट्रातच खरे ठरले. नाशिक जिल्ह्यात २००३ साली घडलेल्या दरोडा, बलात्कार व खुनांच्या प्रकरणात भटक्या जमातींतील सहा जणांना आरोपी करण्यात आले. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशी दिली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरविले. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते, आणि त्या दिशेने तपास झालाच नव्हता. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाची भरपाई म्हणून प्रत्येकी पाच लाख रुपये ठरले. मधल्या काळात फाशी अमलात आली असती, तर ही रक्कम कोणाच्या हाती ठेवली असती?

येथेच पीडितांच्या नावाने चालणारा युक्तिवादही कोसळतो. त्या शेतकरी कुटुंबाला या फाशीच्या शिक्षेतून काय मिळाले? निरपराधांच्या गळ्याभोवती दोर आवळला जात असताना खऱ्या गुन्हेगारांचा शोधच थांबला होता. पीडितांना हवे असते ते प्रामाणिक अन्वेषण, निश्चित आणि त्वरित शिक्षा, पुनर्वसन. त्यासाठी पैसा व इच्छाशक्ती लागते. फाशीच्या घोषणेला काहीच लागत नाही.

ज्याला नामांकित वकील परवडतो तो फासापर्यंत क्वचितच पोहोचतो. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल आढळले. विधी आयोगाने २०१५ मध्ये दहशतवादविषयक गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. ती धूळ खात पडली आहे. हा अपवादही अमान्य केला पाहिजे, कारण चुकीचा तपास गुन्ह्याचे नाव पाहून होत नाही. विषम समाजात दुरुस्त न होणारी शिक्षा देण्याचा अधिकार राज्यसंस्थेला असता कामा नये. फाशीची शिक्षा कायद्याच्या पुस्तकातून संपूर्णपणे हद्दपार झाली पाहिजे!