मम्मी, तुम्ही बाहेर थांबा

स्वमग्न मुलाला घेऊन थेरपी सेंटरमध्ये गेलं की पहिल्याच दिवशी हे वाक्य कानावर पडतं. दार लागतं, आतून रडणं ऐकू येतं आणि आपण पॅसेजमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसतो. पंचेचाळीस मिनिटांनी दार उघडतं. "आज छान बसला." फी द्यायची, त्याला बूट घालायचे, रिक्षा शोधायची. मी नऊ महिने हे केलं. त्या नऊ महिन्यांनंतर मी ठामपणे म्हणते, की एबीए किंवा बिहेवियर थेरपी या नावाने आपण जे शोधत फिरतो, तो वर्तनोपचार बंद दाराआड होऊ शकत नाही.

दार लावून घेणाऱ्यांची बाजू आधी मांडते. आई दिसली की मूल तिच्याकडे धावतं, काम होत नाही. पालक मध्येच बोलतात. लेकरू रडायला लागलं की त्यांना राहवत नाही. शिवाय हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, आईने आईपण सांभाळावं. यातलं एकही कारण खोटं नाही. पण मूल आठवड्यातले तीन तास सेंटरमध्ये असतं आणि बाकी सगळा आठवडा घरी. त्याला बदल हवा आहे तो कुठल्या तासांत?

आमचंच सांगते. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, तोंडात शब्द नव्हता. स्वतःचं मनगट चावायचा, इतकं की तिथली कातडी जाड आणि काळी पडली होती. सेंटरच्या फाइलमध्ये 'चावणे कमी करणे' असं लिहिलेलं होतं. पाच मिनिटं न चावता बसला की बिस्किटाचा तुकडा मिळायचा. तिथे चावणं खरंच कमी झालं. घरी होतं तेवढंच राहिलं.

पुढे एका अनुभवी विशेष शिक्षिकेने मला तीन रकाने आखायला सांगितले. आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. मी कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर लिहीत गेले. दहाएक दिवसांत दिसायला लागलं, की सकाळी दहाच्या सुमाराला नोंदींची दाटी होते. ती सासूबाईंची कुकर लावायची वेळ. आणि तो चावायचा शिट्टी झाल्यावर नव्हे, तर तिच्या आधी, वाफ फुसफुसायला लागली की. पुढे काय होणार हे त्याला कळत होतं, ते कसं टाळायचं हे कळत नव्हतं. त्याने मनगट तोंडात घातलं की मी धावत जाऊन त्याला गॅलरीत न्यायचे. म्हणजे 'मला इथून ने' हे तो दातांनी सांगत होता आणि मी ते रोज ऐकतही होते, न समजता.

मग गॅलरीचा फोटो काढला, लॅमिनेट केला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याच्या हाताला येईल असा चिकटवला. कुकर गॅसवर चढला की सासूबाई त्याच्या मागे उभ्या राहायच्या, त्याचा हात धरून फोटो भिंतीवरून सोडवायला लावायच्या आणि माझ्या हातात द्यायला लावायच्या. फोटो हातात आला की त्याच क्षणी गॅलरी. त्यांचा हात आधी त्याच्या पंजावर होता, मग कोपरावर आला, मग नुसता खांद्यावर. तिसऱ्या आठवड्यात तो एकटाच फोटो घेऊन आला. वागण्यामागचा हेतू ओळखायचा आणि तोच हेतू साधणारी सोपी खूण मुलाच्या हाती द्यायची, हे तंत्र मानसशास्त्रज्ञ एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली मांडलं. वर्तनोपचाराचा गाभा मला त्यात दिसला. सेंटरमध्ये कुकर नव्हता. तिथल्या बाई कितीही हुशार असत्या, तरी दार लावून त्यांना हे सापडलं नसतं.

आठवड्याला चाळीस तासांची पॅकेजेस विकणारे लोक मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांचं नाव घेतात. लोवास यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९ मुलांना आठवड्याला ४० तास उपचार मिळाले आणि त्यांतली ९ मुलं बुद्ध्यांक आणि शाळा या दोन्ही बाबतींत इतरांच्या बरोबरीने आली. एवढं सांगून लोक थांबतात. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हे सांगत नाहीत. मोठ्याने ओरडून 'नाही' म्हणणं आणि मांडीवर चापट मारणं हाही त्या उपचाराचा भाग होता, हेही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या मुलांच्या आईवडिलांनाही प्रशिक्षण देऊन कामात घेतलं होतं. त्याचं कारण लोवास यांच्याच १९७३ च्या पाहणीत आहे. उपचारानंतर जी मुलं प्रशिक्षित पालकांकडे राहिली त्यांची प्रगती टिकली, जी संस्थेत गेली त्यांची ओसरली. तेव्हा लोवास यांचं नाव घेऊन आईला बाहेर बसवू नये.

त्याहून जवळचा दाखला गोव्याचा आहे. गोव्यात 'संगत' या संस्थेसोबत आणि पाकिस्तानात रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर झालेला अभ्यास २०१६ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त छापून आला. तज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते सहा महिन्यांत बारा वेळा पालकांसोबत बसले. पालक मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ पालकांनाच दाखवून, मूल कुठे काही सांगू पाहतं हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. पालकांचा प्रतिसाद मुलाशी जुळायला लागला आणि मुलं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. मुलं बरी झाली असा दावा तिथे कुणी केला नाही, आणि म्हणूनच मला तो अभ्यास विश्वासाचा वाटतो.

आईला दूर ठेवण्याची ही खोड जुनी आहे. शिकागोत मानसशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले ब्रूनो बेटेलहाइम आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होतं असं सांगत राहिले, १९६७ साली त्यावर मोठं पुस्तकही लिहिलं. मुलाला आईवडिलांपासून तोडणं हाच त्यांचा उपचार होता. एका स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ सालीच ते मत खोडून काढलं होतं. आज ते कुणी उघड म्हणत नाही. पण "तुम्हीच लाडावून ठेवलंय" हे मी पॅसेजमध्ये माझ्या कानांनी ऐकलं आहे.

दोन आक्षेपांपुढे मात्र मी थांबते. पहिला, मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांचा. डोळ्यांत बघायची सक्ती, आनंदाने हात फडफडवले तर ते दाबून धरणं, यांच्या खुणा आयुष्यभर राहिल्या असं ते सांगतात. ते खरं मानायला हवं. मनगट चावण्याने इजा होते, हात फडफडवण्याने कुणाला काय होतं? ते थांबवणं हा उपचार नाही, आणि आत बसलेली आई अशी सक्ती तिथल्या तिथे थांबवू शकते. दुसरा आक्षेप असा, की याने सगळा भार बाईवर पडतो. पडतोच. म्हणून आमच्याकडे रविवारचे रकाने नवरा भरायचा, आणि कुकरचं काम सासूबाईंशिवाय झालंच नसतं. पहिले काही दिवस आईमुळे मूल खरंच बसत नसेल, तर आईने कोपऱ्यात बसावं, आणि ती कधी जवळ येणार याची तारीख फाइलमध्ये लिहावी.

थेरपिस्ट शोधताना खासगी सेंटरच्या आधी जिल्हा रुग्णालयातल्या लवकर हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, जाऊन या. विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. तो नंबर मागायला लाजू नका. चाळीस तासांचा ऑनलाइन कोर्स केलेली मुलगी मनापासून काम करत असेल, पण तो कोर्स कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करण्यापुरता असतो. देखरेख कोण करतं आणि किती दिवसांनी येतं, हे विचारा. 'सहा महिन्यांत नॉर्मल' असं कुणी म्हणालं तर उठून या. तीन महिन्यांची आगाऊ फी भरण्याआधी दोन सेशन आत बसून बघा. पाटी-पेन्सिल, कार्डं, खेळणी कुठली आहेत याकडे लक्ष नसलं तरी चालेल. मुलाने समोरचा हात बाजूला सारला तर थेरपिस्ट बाई थांबतात का, तेवढं बघा.