विजेची मागणी हलते, लाभ कोणाला?

नवी दिल्ली : सौर प्रकल्पांमुळे दुपारी विजेची रेलचेल आणि सूर्य मावळताच तुटवडा, असे विसंगत चित्र देशाच्या वीजबाजारात रूढ होत आहे. वीज विनिमय केंद्रांवर १५ मिनिटांच्या एकेका टप्प्यासाठी दर ठरतो. दुपारी तो कोसळतो, तर टंचाईच्या सायंकाळी प्रतियुनिट १० रुपयांच्या कमाल मर्यादेला भिडतो. साहजिकच, नव्या निर्मितीइतकेच मागणीची वेळ बदलण्यालाही मोल आले आहे.

याच हेतूने केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. सौर तासांत वीज स्वस्त, सर्वाधिक मागणीच्या तासांत १० ते २० टक्के महाग, असे तिचे सूत्र आहे. मोठ्या औद्योगिक व व्यापारी ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४, तर शेती वगळून इतरांसाठी १ एप्रिल २०२५ ही मुदत होती. शीतगृहाला वेळ बदलणे शक्य आहे. दिवसभर कामावर असलेल्या कुटुंबाचा पंखा मात्र सायंकाळीच फिरतो. त्याच्या पदरी सवलतीऐवजी वाढीव दरच पडण्याचा धोका आहे.

खरी लवचीकता आहे ती नियमातून वगळलेल्या कृषिपंपांत. गुजरातची किसान सूर्योदय योजना आणि महाराष्ट्राची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना यांचा रोख रात्रीचे सिंचन दिवसा आणण्यावर आहे. काळोखात, साप-विंचवांच्या भीतीत पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला हा मोठाच दिलासा. परंतु पंपाची वेळ दर नव्हे, वाहिनीचे वेळापत्रक ठरवते. महागडी सायंकाळची खरेदी टळल्यास त्या बचतीत शेतकऱ्याचा वाटा किती, यावर वेळनिहाय दराचे नियम मौन बाळगून आहेत.