पाळीपत्रकाच्या किल्ल्या

वालीवच्या औद्योगिक गाळ्यांतून खिळ्याला लटकणारा पाळ्यांचा तक्ता हळूहळू मोबाइलमध्ये जात आहे. परंतु जिथे मालक, मुकादम आणि हिशेबनीस एकाच परवलीच्या शब्दाने त्यात शिरतात, तिथे शनिवारी लागलेली रात्रपाळी रविवारी सकाळी दिवसपाळी झालेली आढळली, तर ती कोणी फिरवली याचा जाब कोणाला विचारावा हेच कामगाराला उमगत नाही. कागदावरची खाडाखोड निदान डोळ्यांना दिसत असे.

शिवकालीन गडावर दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरीचे दफ्तर सबनिसाकडे, शिबंदी सरनोबताकडे आणि कोठाराचा जमाखर्च कारखानिसाकडे अशी जी वाटणी होती, तिचे मर्म माणसांवरील अविश्वासात नसून, कोणा एकाच्या हाती सबंध गड जाऊ नये या दूरदृष्टीत होते.

तोच विवेक इथे हवा. मुकादमाने पाळी लावावी, तासांना मंजुरी दुसऱ्याने द्यावी, प्रत्येक फेरफारापुढे करणाऱ्याचे नाव आणि वेळ उमटावी. कामगाराला आपले तास केव्हाही पाहता यावेत, मात्र त्याच्या रजेचे कारण सहकाऱ्यांच्या दृष्टीस पडता कामा नये. 1948 च्या कारखाने अधिनियमाने जादा कामाला दुप्पट दर दिला. तेव्हा तासाची नोंद पुसणे म्हणजे मजुरीच पुसणे होय.

गाळामालकांनी येत्या पगारापूर्वी सामायिक परवलीचा शब्द रद्द करून प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे, आणि नोकरी सोडून गेलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे.