घरपोच सेवा देणाऱ्याने घरी कधी जायचे?

शहरातल्या सुखवस्तू माणसाला आज सगळे घरपोच मिळते. जेवण घरपोच, भाजी घरपोच, औषध घरपोच, मोबाईल घरपोच. परंतु हे सगळे दुसऱ्याच्या दारात नेऊन देणारा तरुण स्वतःच्या घरी किती वाजता पोचतो, हे विचारण्याची गरज कुणाला वाटत नाही. विषय निघालाच तर त्याला उपदेश केला जातो की, बाबा रे, वेळेचे नियोजन कर, बायकामुलांसाठी वेळ काढ. वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्यांतून असे उपदेश रतीबाने छापून येतात. आम्हांला हा उपदेश मान्य नाही. ज्याचे चोवीस तास दुसऱ्याच्या हुकमतीत आहेत, त्याने नियोजन कशाचे करायचे? वेळ आधी त्याच्या मालकीची तर झाली पाहिजे!

हे तरुण कोण आहेत ते आम्हांला सांगावे लागत नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूरच्या कोणत्याही वस्तीत सकाळी जा. पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून गाडीला किक मारणारा मुलगा आपल्याच गल्लीतला असतो. बारावी झालेला, पदवी घेतलेला, एखादा स्पर्धा परीक्षा देऊन थकलेला. त्याच्या बापाला महापालिकेत, रेल्वेत, गिरणीत निदान हजेरीपटावर नाव असलेली नोकरी होती. १९९१ नंतर खाजगीकरण आले, कंत्राटीकरण आले, सरकारी जागा रिकाम्या ठेवण्याची पद्धत पडली. राखीव जागा कागदावर राहिल्या आणि आमची मुले रस्त्यावर आली. नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालानुसार देशात २०२०-२१ साली अशा प्रकारची कामे करणारे ७७ लाख लोक होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. म्हणजे हा चार-दोन पोरांचा प्रश्न राहिलेला नाही.

आता या कामाची रीत पाहा. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, ‘भागीदार’ म्हणते. भागीदारी कशी? गाडी त्याची, गाडीचा हप्ता त्याचा, पेट्रोल त्याचे, मोबाईल त्याचा, पंक्चरसुद्धा त्याचेच. कंपनीचे काय, तर ॲप आणि हुकूम. दर ऑर्डरमागचा पैसा ठरवताना या भागीदाराला कुणी विचारत नाही. ठराविक तास लॉगिन आणि ठराविक ऑर्डरी पूर्ण झाल्या तरच वरचा इन्सेंटिव्ह मिळतो. एक ऑर्डर कमी पडली की गेला. ग्राहकाने तक्रार केली तर आयडी बंद होतो आणि दाद मागायला समोर माणूस नसतो, मोबाईलचा पडदा असतो. तू हवा तेव्हा काम कर, नको तेव्हा बंद कर, असे त्याला सांगितले जाते. परंतु जेवणाच्या ऑर्डरी पडतात दुपारी बारा ते तीन आणि रात्री सात ते अकरा. त्यातही रविवारी जास्त, सणाला जास्त, पावसात जास्त. ज्या वेळी प्रत्येक घर एकत्र बसते, नेमकी तीच त्याच्या कमाईची वेळ! मग हे स्वातंत्र्य कसले? उपाशी राहण्याचे स्वातंत्र्य बाबासाहेबांच्या समाजाला कुणी नव्याने द्यायला नको.

शिवाय दोन ऑर्डरींच्या मधला वेळ कुणाच्याच हिशेबात नाही. हॉटेलच्या दारात अर्धा तास उभे राहिले तर त्याचे मोल नगण्य. दुपारी तीन ते सहा काम थंड असते, पण घर लांब आणि पेट्रोल महाग, म्हणून हा तरुण पुलाखाली गाडीवरच आडवा होतो. तो त्या तीन तासांत घरीही नसतो आणि कामावरही धरला जात नाही. या बाबतीत परदेशातले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲपवर चालणाऱ्या टॅक्सीचालकांच्या खटल्यात निकाल दिला, की हे चालक कामगारच आहेत आणि आपल्या क्षेत्रात ॲप सुरू ठेवून भाडे घ्यायला तयार असलेला वेळ हा कामाचा वेळ आहे. वाट पाहणे हेसुद्धा काम आहे, एवढी साधी गोष्ट तिकडे न्यायालयातून मिळवावी लागली. इकडे ती अजून बोललीही जात नाही.

या सगळ्याची किंमत घर मोजते. बाप रात्री साडेबाराला येतो तेव्हा मुले झोपलेली असतात आणि मुले शाळेत जातात तेव्हा बाप झोपलेला असतो. घर चालवणे, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचे औषधपाणी, रेशन, पाण्याची पाळी हे सारे एकट्या बाईच्या अंगावर पडते. पुष्कळ ठिकाणी तीही चार घरची धुणीभांडी करून आलेली असते. म्हणजे कंपनी राबवते एकाला आणि राबतात दोघे. पाऊस लागला की ती दर दहा मिनिटांनी फोन लावते आणि तो गाडीवर असल्याने उचलत नाही. त्या बाईच्या जिवाची घालमेल कोणत्या ॲपमध्ये दिसते?

येथे आम्हांला सुभेदार रामजींची आठवण होते. परळच्या चाळीत एका खोलीत सगळा संसार. दिवसा गोंगाट, अभ्यासाला जागा नाही. म्हणून सुभेदार लहानग्या भीमरावाला लवकर झोपवीत आणि स्वतः जागे राहून रात्री दोन वाजता, सगळे शांत झाले की त्याला अभ्यासाला उठवीत. पुस्तकांसाठी पैसे नसले तर लेकींकडून दागिना मागून आणीत. पैसा नव्हता, परंतु मुलाच्या उशाशी बसायला बाप होता. आज रात्री दोन वाजता आमच्या वस्तीतला बाप कोणत्या अवस्थेत असतो? त्याची मुलावर माया कमी आहे काय? मुळीच नाही. त्या मुलासाठीच तो पळतो आहे. परंतु ज्या मुलासाठी पळायचे त्यालाच भेटायचे नाही, अशी ही व्यवस्था आहे. पहिल्या पिढीने शिकून जे मिळवले, ते तिसऱ्या पिढीत असे रात्री-रात्रीने गळून जाणार असेल तर हा समाजाच्या भवितव्याचा प्रश्न आहे.

कामाचे तास मर्यादित असावेत हे कुणा मालकाच्या दयेतून आलेले नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत कारखाना कायद्यात दुरुस्त्या झाल्या. १९४५ साली पगारी रजेची तरतूद आली आणि १९४६ साली आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. कामगाराला उरलेला वेळ मिळावा, त्यात त्याने वाचावे, मुले शिकवावीत, संघटनेत बसावे, हाच या कायद्यांचा अर्थ आहे. आणि आज? सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा तीच आहे, असे सांगितले गेले. ज्यांना कायद्याचे संरक्षण आहे त्यांची ही गत, तर ज्यांना कायदा कामगारच मानत नाही त्यांचे काय?

होय, मानत नाही. चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराचे नाव आले, याचे आम्ही स्वागत करतो. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सुरक्षा निधीत भरावी, असे त्यात आहे. परंतु त्याच संहितेत गिग कामगाराची व्याख्या मालक-नोकर संबंधाच्या बाहेर काम करणारा अशी केलेली आहे. म्हणजे अपघात झाला, म्हातारपण आले तर निधीतून काही मिळेल. पण रोज किती तास राबायचे आणि त्या तासाला किमान किती मिळायचे, यावर संहिता गप्प!

मालक कोण ते ठरत नाही, म्हणून कायदा करता येत नाही, असे जे सांगतात त्यांना आम्ही महाराष्ट्राचाच इतिहास दाखवू इच्छितो. बाजारातला हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उचलत असे, दुपारी दुसऱ्याची. त्याचाही मालक ठरत नव्हता. तरीही १९६९ साली या राज्याने माथाडी कायदा केला. हमालाची नोंदणी मंडळात, व्यापाऱ्याची नोंदणी मंडळात. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळाने हमालाला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पैसा द्यायचा. पुढे १९८१ साली सुरक्षारक्षकांसाठीही असेच मंडळ झाले. चिठ्ठ्या-चोपड्यांच्या जमान्यात जे जमले ते, प्रत्येक ऑर्डरची सेकंदासकट नोंद असलेल्या संगणकाच्या जमान्यात जमत नाही, यावर कोण विश्वास ठेवील? राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये या कामगारांसाठी कायदे केले. माथाडी कायदा देणाऱ्या महाराष्ट्राने त्यांच्याही पुढचा कायदा करावा. त्यात लॉगिनच्या तासाला किमान मोबदला, आठवड्याला एक भरपगारी सुट्टी, कारण न देता आयडी बंद करण्यास मनाई आणि वाट पाहण्याच्या वेळेचा पैसा, या चार गोष्टी असल्याच पाहिजेत.

हे मागितल्याशिवाय मिळणार नाही. ३१ डिसेंबर २०२५ रोजी देशातल्या अनेक शहरांत या कामगारांनी संप केला. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाने लक्ष घातले आणि ‘दहा मिनिटांत घरपोच’ ही जाहिरात मागे घेतली गेली. पाट्या बदलल्या म्हणून पोटाचा प्रश्न सुटत नाही, हे खरे. परंतु एकट्याने हात जोडून जे झाले नाही ते एकजुटीने झाले. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही हे कामगाराचे दोन शत्रू असल्याचे बजावले होते. हे दोन्ही आजही एकत्रच भेटतात. तासांची लूट करते ती भांडवलशाही, आणि जेवण चालते पण जेवण आणणारा आमच्या लिफ्टमध्ये चालत नाही अशी पाटी लावते ती ब्राह्मणशाही. म्हणून कामगार संघटनेने जातीचा प्रश्न टाळू नये आणि आमच्या चळवळीने कामाच्या तासांचा प्रश्न दुय्यम मानू नये.

सरकारकडे मागताना आपल्या हाती जे आहे तेही केले पाहिजे. आमच्या विहारांतल्या बैठका रात्री आठला होतात आणि मग तरुण येत नाहीत म्हणून आपण हळहळतो. रात्री आठला तो दुसऱ्याच्या दारात उभा असतो. बैठक दुपारी चारला घ्या, तो येईल. विहार दुपारी उघडा ठेवा, त्याला पाठ टेकायला जागा आणि प्यायला पाणी द्या. तिथेच ई-श्रम नोंदणीची माहिती द्या, तिथेच संघटनेचा फॉर्म भरून घ्या. संध्याकाळी त्याच विहारात अभ्यासिका चालवा आणि ज्यांचे आईबाप कामावर आहेत त्या मुलांना वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी शिकवावे. आणि घरातल्या पुरुषाने, तो कितीही थकलेला असो, सुट्टीच्या दिवशी घरकाम आपलेही मानावे. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्याचे आपण अनुयायी आहोत.

ज्याने आयुष्यभर इतरांच्या दारात वेळेवर सामान पोचवले, त्याच्या मुलांना त्यांचा बाप वेळेवर मिळाला पाहिजे. ही भीक नव्हे, हक्काची मागणी आहे. येत्या चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या आवाजाइतक्याच मोठ्या आवाजात ती ऐकू आली पाहिजे.