पांढरीतला इतिहास

गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन हे नाव मराठी इतिहासाच्या वाचकाला अपरिचित नाही. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीच्या तीरावर थोरल्या माधवरावांनी तेथे निजामाचा पराभव केला, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला आणि पानिपतच्या आघातातून मराठी राज्य सावरू शकते अशी सर्वांची खात्री पटली. या लढाईची तिथी आणि सेनानायकांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. परंतु याच गोदाकाठी शतकानुशतके नांदलेला सामान्य मनुष्य काय खात होता, कसल्या घरात राहत होता, अवर्षणाच्या वर्षी काय करीत होता, या प्रश्नांना कोणतीही बखर उत्तर देत नाही. ते उत्तर गावोगावच्या पांढरीत आहे. आणि ती पांढर आज ट्रॅक्टर भरभरून नाहीशी होत आहे.

आपल्या खेड्यांची जुनी वाटणीच ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी आहे. काळी ही पिकाची, पांढरी ही वस्तीची. मातीची घरे पडतात, त्यांच्यावर नवी उभी राहतात. चुलीतली राख, गोठ्यातले शेण, खरकटे, हाडे आणि फुटकी मडकी तेथेच साचतात. अशा रीतीने शेकडो वर्षांत जी पांढुरकी टेकाडे तयार होतात, ती पुराणवस्तुसंशोधकाच्या दृष्टीने दप्तरखानेच होत. दुर्दैव असे की, ज्या राखेमुळे व हाडांमुळे ही माती बोलकी होते, त्यांच्यामुळेच ती उत्तम खतही ठरते.

हे दप्तर नीट वाचले तर काय हाती लागते, याचा वस्तुपाठ पुणे जिल्ह्यातील इनामगावने घालून दिला आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर व डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांनी इ. स. पूर्व १६०० ते ७०० या नऊ शतकांतील एक संपूर्ण खेडे उजेडात आणले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. नदीचे पाणी वळवून घेण्यासाठी काढलेला पाट व त्याचा दगडमातीचा बांध सापडला. पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार आढळले. ते गावच्या मुखियाचे असावे आणि धान्य त्याच्या देखरेखीखाली साठविले जात असावे, असा तर्क संशोधकांनी केला. मृत अर्भकांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखाली पुरीत. मोठ्या माणसाचे पाय मात्र घोट्याखाली तोडून त्याला मूठमाती देत. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून की परत येऊ नये म्हणून, हे आज कोण सांगणार? परंतु त्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या रांजणात पुरलेल्या पुरुषाचे पाय शाबूत होते. अक्षरओळख नसलेल्या त्या समाजातही उच्चनीचभाव मृत्यूनंतरही पाळला जात होता, असेच यावरून म्हणावे लागते.

याहूनही विचार करावयास लावणारा भाग इनामगावच्या अखेरच्या काळाचा आहे. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान घटले असावे असे संशोधक मानतात. प्रशस्त चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, शिकारीवरचा भर वाढला आणि शेवटी गाव ओस पडले. लोक गुरेमेंढरे घेऊन भटके जीवन जगू लागले असावेत, असा ढवळीकरांचा निष्कर्ष आहे. दुष्काळाने घर सोडावयास लावणे म्हणजे काय, हे ज्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, त्या जिल्ह्याला समजावून सांगावे लागणार नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने पाण्याचे नियोजन कसे केले आणि ते कोठे तोकडे पडले, हा प्रश्न केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नव्हे.

गोदावरीच्या खोऱ्याची साक्षही काही कमी मोलाची नाही. प्रवरेकाठच्या नेवाशाला, जेथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेथेच, एका बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांत कापूस व रेशमाचा धागा आढळला. दायमाबादला १९७४ मध्ये हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशी ब्राँझची चार वजनदार शिल्पे मिळाली. पुढे सातवाहनकाळात पैठण आणि तेर या पेठांचा माल भडोचमार्गे पश्चिमेकडे जात असे, अशी नोंद एका ग्रीक प्रवासवृत्तात आहे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी नाते सांगणारी मूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये मिळाली. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. पैठण आणि तेर यांच्यामध्ये आजचा बीड जिल्हा आहे. तेव्हा त्या व्यापाराचे तांडे याच मुलखातून गेले असले पाहिजेत. मग गेवराईच्या परिसरातील पांढरीत काय दडले असेल, याची कल्पना सुज्ञांनी करावी.

प्राचीनत्वाचा विषय निघाला की आपल्याकडे अभिमानाची भाषा चटकन सुरू होते. आपले पूर्वज कोणाहून जुने व कोणाहून थोर, याचे हिशेब मांडले जातात. मातीतून निघणारा पुरावा मात्र कोणाची भीड धरीत नाही. इनामगावच्या माणसाचा पाट तो दाखवितो, तसेच त्याच्या समाजातील विषमताही दाखवितो. ऐकलेले पुन्हा तपासण्याची सवय हेच या शास्त्राचे खरे दान होय.

म्हणूनच पांढरीची लूट थांबली पाहिजे. १९५८ चा केंद्रीय कायदा व १९६० चा राज्याचा कायदा ही मुख्यतः संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्थळांची ढाल आहे. ज्या शेकडो टेकाडांची नोंदच नाही, त्यांना वाली कोण? सापडलेल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातले आहे. परंतु जमीन जाईल या भयाने शेतकरी गप्प राहतो, आणि ते भय दूर करण्याची तसदी कोणी घेत नाही. शासनाने प्रत्येक तालुक्यातील पांढरीची पाहणी करून तिची नोंद महसुली दप्तरात करावी, शेतकऱ्याला योग्य मोबदल्याची हमी द्यावी आणि खताची गरज तलावांतील गाळातून भागवावी. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहेच. तिच्या वाटपात पांढरीलगतच्या गावांना अग्रक्रम देणे अशक्य नाही.

लोकांनीही सरकारच्या तोंडाकडे पाहत बसण्याचे कारण नाही. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या मातीतून निघालेल्या वस्तू हौसेने जमविल्या, आणि त्यांच्या संग्रहातूनच आज त्यांचे नाव धारण करणारे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. प्रत्येक तालुक्याला असा एक जागरूक नागरिक, एखादा जिज्ञासू शिक्षक, लाभावयास हवा. जळालेल्या ग्रंथाची दुसरी प्रत कोठे तरी मिळू शकते; पांढरीची प्रत एकच असते, आणि शेतात पसरलेली माती पुन्हा थरांत रचता येत नाही.