तबकडीची वतनदारी

लँकेशायर हे नाव मराठी वाचकाच्या कानावर प्रथम पडले ते बहुधा विलायती कापडाच्या निमित्ताने. १९०५ साली पुण्यात ज्या परदेशी कापडाची होळी झाली, तसले कापड विणणाऱ्या गिरण्यांचा तो मुलूख. पुढे त्या गिरण्यांनाही अवकळा आली, भोवतालच्या कोळशाच्या खाणी एकेक करून बंद पडू लागल्या, आणि नेमक्या त्या पडत्या काळात मँचेस्टर, विगन, ब्लॅकपूल आणि दक्षिणेकडचे स्टोक-ऑन-ट्रेंट अशा गावांतील कामकरी तरुण-तरुणींनी एक विलक्षण छंद जोपासला. समुद्रापलीकडच्या डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया या शहरांतील, मुख्यतः कृष्णवर्णीय गायकांची, स्वदेशात कोणी फारशी विकत न घेतलेली द्रुत लयीची गाणी हुडकून काढावयाची आणि शनिवारची रात्र उजाडेपर्यंत त्यांवर नाचावयाचे, असा तो छंद. त्याला ‘नॉर्दर्न सोल’ म्हणतात. लंडनमधील ‘सोल सिटी’ या दुकानाचे एक चालक आणि पत्रकार डेव्ह गॉडिन यांनी १९७० च्या सुमारास हे नाव रूढ केले. फुटबॉलच्या सामन्यासाठी राजधानीत उतरणारे उत्तरेकडील गिऱ्हाईक नव्या घाटाची गाणी न घेता जुन्या घाटाचीच मागते, हे दुकानातील नोकरांच्या ध्यानात राहावे, इतकाच त्यामागचा मूळ हेतू होता.

विगन कॅसिनोत २३ सप्टेंबर १९७३ रोजी पहिली रात्र जागविली गेली, तेव्हा जे सतरा-अठरा वर्षांचे होते ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. साहजिकच ही मंडळी गेल्यावर या नृत्यपरंपरेचे काय होणार, ही चिंता तिच्या हितचिंतकांना ग्रासू लागली आहे. माझ्या मते चिंतेचे कारण खरे असले तरी निदान चुकीचे आहे. माणसे वृद्ध होतात म्हणून परंपरा मरत नाहीत. मिळविलेल्या वस्तूचे वतन करून त्याची सनद पेटीत कुलूपबंद ठेवण्याची वृत्ती बळावली म्हणजे त्या मरतात, आणि या परंपरेत ती वृत्ती सात इंची तबकडीभोवती बळावली आहे.

ते वतन कसे निर्माण झाले हे समजण्यासाठी त्या रात्री कशा असत हे पाहिले पाहिजे. कॅसिनो या नावावरून जुगाराचा अड्डा कोणी डोळ्यांसमोर आणू नये. ती सज्जा असलेली एक जुनी नृत्यशाला होती आणि तिचे पूर्वीचे नाव ‘एम्प्रेस बॉलरूम’. शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर तिचे दरवाजे उघडत, आणि रविवारी सकाळी आठच्या आधी टोबी लेजंड, जिमी रॅडक्लिफ व डीन पॅरिश यांची ठरलेली तीन गाणी त्याच क्रमाने लागली की रात्र संपली असे समजावयाचे. मद्यविक्रीचा परवाना नव्हता. जागरणासाठी अँफेटामाइनच्या गोळ्यांचा मात्र सुळसुळाट होता आणि त्यापायी पोलिसांचा ससेमिराही होता. परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी हा भाग वगळू नये. येणारा आपल्याबरोबर एक पिशवी आणी. तीत टॉवेल, बदलावयाचा सदरा आणि टाल्कम पावडरचा डबा. लाकडी फरशीवर ती पावडर शिंपडली की कातडी तळाचा बूट निसटता होई, आणि मग घोळदार पाटलोणीतला एखादा खाणमजूर एका टाचेवर पाच-सहा गिरक्या घेऊन, पाठीमागे हात टेकेपर्यंत जमिनीवर कोसळून, त्याच झोकात पुन्हा उभा राही. कोणी कोणाचा हात धरून नाचत नसे. जो तो आपापल्या दोन हात जागेत एकटा, तंद्रीत. परंतु वाद्ये क्षणभर थबकून ठोका पडण्याची जागा आली की शेकडो लोकांची टाळी एकदम वाजे, आणि ती जागा कोणालाही शिकवावी लागत नसे.

अशा श्रोत्यांना दर आठवड्याला न ऐकलेले काहीतरी हवे असे, आणि मालाचा साठा तर गोठलेला. कारण ती गाणी १९६५ च्या आगेमागे ध्वनिमुद्रित होऊन, हजार-पाचशे प्रती काढून, विस्मृतीत गेलेली. म्हणून गाणी वाजविणारे डीजे अमेरिकेतील गोदामे धुंडाळू लागले. मिळालेले रत्न प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नये यासाठी तबकडीच्या लेबलावर कोरा कागद डकवून गायकाचे भलतेच नाव सांगण्याची रीत पडली; आणि एवढा बंदोबस्त असूनही गाणे लोकप्रिय होताच त्याच्या चोरट्या प्रती बाजारात येत. या चोरीवरचा प्रतिबंध म्हणून मूळ तबकडीचा दंडक आला: जी प्रत त्या काळी, त्या कंपनीने काढली तीच वाजवावी, अन्य कोणतीही प्रत वर्ज्य. तबकडीच्या अंतरंगातील कोऱ्या वर्तुळात क्रमांक यंत्राने ठोकला आहे की हाताने कोरला आहे, हे भिंगाखाली पाहून अस्सल-नक्कल ठरविणारे पारखी आजही आहेत. दंडकामागे न्याय होता, श्रमाची प्रतिष्ठा होती, हे मी मान्य करतो.

परंतु त्याचा आजचा परिणाम काय? फ्रँक विल्सन यांचे ‘डू आय लव्ह यू’ हे गाणे मोटाउन कंपनीच्या ‘सोल’ या उपशाखेने १९६५ साली मुद्रित केले. विल्सन यांनी गायक न होता निर्माता व्हावे असे ठरल्याने ते विक्रीस आलेच नाही आणि मोजक्याच प्रती उरल्या. एडी फॉस्टर या बनावट नावाने ते इंग्लंडच्या नृत्यशालांत गाजले. २००९ साली त्याची एक प्रत पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली. जुनी तबकडी एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे कितीही मोलाने गेली तरी त्या फेरविक्रीचा एक छदामही गायकाला वा गीतकाराला मिळत नाही. विल्सन यांचे निर्माता म्हणून नाव झाले, एडी केंड्रिक्सचे १९७३ चे ‘कीप ऑन ट्रकिन’ हे यशस्वी गीत त्यांच्याच हातचे, म्हणून त्यांची विवंचना नको. पण ज्याच्या आयुष्यात एकच तबकडी निघाली आणि जो पुढे पडेल ते काम करून म्हातारा झाला, त्याचे काय? डीन पॅरिश यांचे गाणे विगनमध्ये आठवड्यामागून आठवडे रात्रीची सांगता करीत होते, आणि आपल्याला तिकडे कोणी ओळखते याची त्यांना अनेक वर्षे वार्ताही नव्हती. एडविन स्टार यांच्यासारखा एखादा गायक इंग्लंडमध्येच येऊन राहिला आणि डोळ्यांदेखत मान पावला. सगळ्यांचे नशीब तसे नव्हते.

याउलट, लंडनच्या एस रेकॉर्ड्सने १९८२ साली काढलेल्या ‘केंट’ या शाखेसारख्या संस्था मूळ कंपन्यांशी रीतसर करार करून, मूळ फितींवरून ही गाणी पुन्हा प्रसिद्ध करतात. इतकेच नव्हे, त्या काळी प्रसिद्धच न झालेली ध्वनिमुद्रणेही त्यांनी उजेडात आणली आहेत. कायदेशीर पुनर्मुद्रणाच्या प्रत्येक प्रतीवर मानधनाचा हक्क लागतो. थोडा असेल, पण लागतो. तेव्हा चोरट्या प्रतीला बंदी घालण्यासाठी निघालेला दंडक आज कायदेशीर प्रतीलाही दारातून परतवीत असेल, तर तो गायकाचे रक्षण करीत नसून तबकडीच्या बाजारभावाचे रक्षण करीत आहे, आणि हे त्याच्या समर्थकांनी एकदा मोकळेपणाने कबूल करावे. वीस वर्षांच्या मुलीला उत्तम कान असेल, गाण्यांची जाण असेल, पण पेटीभर अस्सल तबकड्या घेण्याची ऐपत कोठून असणार?

दुसरे दुखणे स्मरणरंजनाचे. ज्यांना आज ‘जुने दिवस’ म्हणून आळविले जाते, त्या दिवसांत ही मंडळी जुने काही ऐकत नव्हती. मुद्रण १९६५ चे असले तरी १९७४ साली ते विगनमध्ये प्रथमच वाजत होते, आणि तेथे तरी ते कोरे करकरीत होते. ‘ब्लॅकपूल मेका’ या नृत्यशालेच्या हायलंड रूममध्ये इयन लेव्हीन आणि कॉलिन कर्टिस या डीजेंनी सत्तरच्या दशकातील ताजी अमेरिकी गाणी वाजविण्यास आरंभ केला तेव्हा विगनच्या निष्ठावंतांनी त्यांच्याविरुद्ध फलक फडकविले. भांडण कडवट होते, पण निरोगी होते. पुढे काय ऐकावे यावर ते चालले होते. ६ डिसेंबर १९८१ रोजी कॅसिनो बंद झाले, पुढच्या वर्षी इमारतीला आग लागली, आणि सर्वांनी या परंपरेचे उत्तरकार्य उरकून घेतले. ती तगली ती प्रामुख्याने स्टॅफर्डच्या ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ या जागी, १९८२ नंतरच्या चार वर्षांत. कारण तेथील डीजेंनी विगनची गाजलेली गाणी बाजूस सारून साठच्या दशकातीलच, परंतु कोणीही न ऐकलेली गाणी वाजविण्याचा हट्ट धरला. आज मात्र समुद्रकाठच्या विश्रामस्थळी भरणाऱ्या सप्ताहान्त मेळाव्यांतून तीच दोन-तीनशे गाणी फिरफिरून लागतात. भाविकांनी आपल्या देवाची आरती करावी, त्याला माझी हरकत नाही. फक्त तिला भविष्य म्हणू नये.

तरुण मुळीच नाहीत असे नाही. इलेन कॉन्स्टंटाइन यांनी ‘नॉर्दर्न सोल’ या २०१४ च्या चित्रपटासाठी नवख्या मुलामुलींकडून दीर्घकाळ नृत्याची तालीम करून घेतली, आणि त्यातील कित्येकांना ते वेड कायमचे लागले. २०२३ च्या जुलैमध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात, ही गाणी वाद्यवृंदासह सादर झाली. मान मिळाला हे चांगले. पण ज्या कलेचा प्राण पायांत आहे तिला मखमली खुर्च्यांच्या रांगांपुढे उभे केल्यावर ती किती काळ धाप टाकील, याविषयी मी साशंक आहे. मला अधिक भरवसा वाटतो तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गिरकी पाहून स्वयंपाकघराच्या फरशीवर ती बसविणाऱ्या पोरांचा. जुन्या जाणत्यांना त्यांच्या चुका दिसतात, आणि चुका असतातही. पण ग्लोरिया जोन्स यांचे १९६५ मधील ‘टेंटेड लव्ह’, जे डीजे रिचर्ड सर्लिंग यांनी फिलाडेल्फियात शोधून आणले होते, त्याचे १९८१ साली ‘सॉफ्ट सेल’ या इंग्रज जोडीने यंत्रवाद्यांवर जे केले तेही शुद्धतावाद्यांच्या कसोटीला उतरले नसते. आणि तरीही त्या गाण्यामागून उलट वाट काढीत कितीतरी माणसे मूळ गायिकेपर्यंत पोहोचली.

म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक जागरणात दोन तास तिशीच्या आतील डीजेंना द्यावेत, त्यांना मूळ तबकडीची अट नसावी, कायदेशीर प्रतीची मात्र असावी. आणि त्या दोन तासांत गेल्या वर्षभरात त्या जागी वाजलेले एकही गाणे लागू नये. यावर आक्षेप येईल की मग कोणीही उठेल आणि गाणी वाजवील. येऊ द्यावा. वाईट गाणे लागले की फरशी रिकामी होते आणि वाजविणाऱ्याला ते सर्वांत आधी दिसते, त्यासाठी भिंगवाल्या पारख्याची गरज लागत नाही. आरंभ करावयाचाच तर तो लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील ‘१०० क्लब’ या तळघरात व्हावा. तेथे अनेक दशके मूळ तबकड्यांचे कडक व्रत पाळून रात्री जागविणारे एडी क्रोसडेल हेच केंटच्या पुनर्मुद्रणांचेही संकलक आहेत. म्हणजे वादी आणि प्रतिवादी दोघेही एकाच घरात नांदत असल्यामुळे तडजोडीचा मसुदा करण्यास तेथे फारशी यातायात पडू नये.